मदत हवी आहे: घराण्याच्या इतिहासात हुद्दे इंग्रजीत कॅपिटलने लिहायचे की स्मॉलने?

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याचा इतिहास लिहून झालाय. मराठी भाग छापायला तयार आहे. भावंडांची मुलं परदेशात वाढली, त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीतही करतोय, आणि गाडी हुद्द्यांपाशी अडलीये.

पणजोबा दक्षिण सोलापुरातल्या एका गावचे कुलकर्णी, आणि आमचं आडनावही तेच. आजोबा जुन्या मिलमध्ये टाइमकीपर. थोरले काका आधी म्युनिसिपालिटीत आणि 1964 ला महानगरपालिका झाल्यावर तिथेच हेडक्लार्क. आत्या मुख्याध्यापिका. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे हा प्रश्न मराठीत कधी पडलाच नाही.

चुलतभावाने इंग्रजीत सगळेच हुद्दे कॅपिटल केलेत, अगदी क्लार्कसुद्धा. पुतणी म्हणते, सगळे स्मॉल करा. मी तिचं ऐकून एक पान बदललं, तर काका भडकले, "काय बे, माझ्या बापाला स्मॉलमध्ये टाकतो?" आजोबांच्या नोकरीच्या दाखल्यावर हुद्दा सगळा कॅपिटलमध्ये टाइप केलेला आहे, शेजारी जांभळा शिक्का. तो कागद ते पुरावा म्हणून समोर धरतात.

नियम काय आहे? आणि काकांना काय सांगू?

पूर्वभागकर:
इंग्रजीत सहसा पाळतात तो नियम असा: पदवी नावाच्या आधी नावालाच चिकटून आली तर कॅपिटल. म्हणजे 'हेडमिस्ट्रेस' आणि लगेच आत्याबाईंचं नाव, तर एच मोठा. नावानंतर आली, किंवा 'ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती' असं वाक्य असेल, तर स्मॉल.

टाइमकीपर, क्लार्क, जॉबर (मिलमधला मुकादम), विणकर हे धंदे किंवा कामं. ती नावाआधी आली तरी स्मॉलच. माझे आजोबा जॉबर होते, अख्खं खातं त्यांना वचकून असायचं, पण इंग्रजीत जे बारीकच ठेवलाय.

दाखल्याचं वेगळं. त्यातला मजकूर अवतरणात उतरवत असाल तर कागदावर आहे तसाच ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र नियम तुमचा. कागदाचा फोटो छापा, काकांचं समाधान तिथेच होईल.

चाटी_गल्ली:
कुलकर्णीचा घोळ कुणी सोडवला नाही. आडनाव म्हणून आलं की के मोठा. गावाचं काम म्हणून आलं की लहान. कुलकर्णी वतनं 1951 साली कायद्याने गेली, त्यामुळे त्यानंतरच्या पिढ्यांसाठी ते फक्त आडनाव. पाटीलकीचंही तेच, ती 1963 ला संपली. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी पहिल्यांदा हुद्दा येईल तिथे एक ओळ घाला, 'गावाचं जमाखर्चाचं दप्तर सांभाळणारा', नाहीतर त्यांना वाटेल पणजोबा कुलकर्णी आडनावाच्या कुणाकडे नोकरीला होते.

नात्यांचंही बघून घ्या, तिथे सगळेच चुकतात. 'आजोबा म्हणाले' मध्ये आजोबा नावासारखं वापरलंय, म्हणून ग्रँडफादर कॅपिटल. 'माझे आजोबा' असेल तर स्मॉल.

आणि काकांचा राग अक्षरावर नाहीये हो. मराठीत 'टाइमकीपर होते' म्हटलं की 'होते'मध्ये मान आपोआप येतो. इंग्रजीत क्रियापद थोरामोठ्यांना आणि पोराटोरांना एकच. तो गेलेला मान ते कॅपिटलमध्ये शोधतायत. त्यापेक्षा आजोबा काय करायचे ते लिहा: भोंगा झाल्यावर दारात उभं राहून कुणाची हजेरी लावायचे, उशीर झाला तर काय व्हायचं.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काकांना क्रियापदाचं सांगितलं, थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, दाखला पूर्ण पानभर छाप, जांभळ्या शिक्क्यासकट. कबूल केलंय.

एक राहिलं. आजोबांना पेठेत कुणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'टाइमकीपर' म्हणूनच बोलवायचे. 'टाइमकीपर आले' असं संवादात आलं तर ते नाव धरून टी मोठा करू ना? पुतणी नको म्हणते.

चाटी_गल्ली:
हाक मारायचं नाव झालं ते. करा मोठा. फक्त पुस्तकभर एकच पद्धत ठेवा.