म्यानमारची धम्मयात्रा: जावं का जाऊ नये?

संघमित्रा_नांदेड

जय भीम, नमस्कार. मी नांदेडची, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेली बाई. आमच्या विहारातल्या बायांचा ग्रुप आहे. बोधगया झालं, सारनाथ झालं, लुंबिनी-कुशीनगर झालं. यंदा टूरवाले म्हणायलेत, म्यानमारला चला. यांगूनचा (म्हणजे जुन्या रंगूनचा) श्वेडगॉन पॅगोडा, बागान, मंडाले. पैशाचं जमतंय, त्यासाठीच भिशी लावली होती.

अडचण वेगळीच आहे, माझं मन तयार होईना. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. त्याच्या आधी २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात पळाले, त्यांची गावं जाळली. आणि हेच जनरल पॅगोड्यात दान देताना फोटो काढून घेतात. २०२३ मध्ये राजधानी नेपीडॉला त्यांनी भलीमोठी संगमरवरी बुद्धमूर्ती उभी केली. म्हणजे ज्या धम्मासाठी आम्ही जायचं, त्याच्याच आडोशाला ते बसलेत. दुसऱ्या कुठल्या देशाचं असतं तर मी एवढा विचार केला नसता, खरं सांगते.

आमची सरूआत्या मात्र ऐकायला तयार नाही. म्हणते, "बाबासाहेब १९५४ ला बौद्ध परिषदेला रंगूनला गेले होते, ते गाव मला डोळ्यानं बघायचंय. तिथलं सरकार काय मी मरायच्या आधी बदलतंय का?" तिचं वय बघता मला यावर बोलता येईना.

"आपल्या चार पैशानं त्यांना काय फरक पडतो" हे उत्तर कृपया देऊ नका. ते घरात पोराकडून ऐकून झालंय.

अडत_लातूर

मॅडम, २०२५ च्या मे महिन्यात तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हाचं आठवा. पुण्याच्या मार्केट यार्डात तिकडचं सफरचंद कुणी घेईना. माझ्या भाच्यानं हनिमूनचं इस्तंबूल रद्द करून व्हिएतनाम केलं, वर स्टेटस टाकलं. व्हिएतनाममध्ये एकाच पक्षाचं राज्य आहे, दुसरा पक्ष काढताच येत नाही, हे त्याला कोण सांगणार! आपल्याला कुणी डिवचलं की आपण जात नाही. तिथल्या तिथं त्यांच्याच माणसांवर अन्याय होतोय म्हणून आपल्याकडचं कुणी तिकीट रद्द केलेलं मी तरी बघितलं नाही. तुम्ही निदान विचार तरी करायलात. जावा बिनधास्त.

फर्दापूरचा_गाईड

ताई, मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. आमचं पोट अजिंठ्यावर. १९९८ ला पोखरणला अणुचाचणी झाली, जपाननं भारताची मदत थांबवली. माझे वडील तेव्हा लेणीच्या पायथ्याला रंगीत दगड, स्फटिक विकायचे. जपानी म्हातारे-म्हाताऱ्या तरी येतच होत्या, पद्मपाणीपुढं हात जोडून उभ्या राहायच्या. त्यांनी येणं बंद केलं असतं तर दिल्लीला कळलंही नसतं. आमच्या घरात कळलं असतं.

आणि बाबासाहेब स्वतः १९३४ ला वेरूळची लेणी बघायला निजामाच्या मुलखात आले होते. वाटेत दौलताबादच्या हौदाचं पाणी बाटवलं म्हणून लोक अंगावर आले, ते तुम्हाला मी काय सांगावं. राज्य कुणाचं हे बघून ते माघारी फिरले नाहीत.

गोदाकाठ

गाईडभाऊंचा दगडाचा मुद्दा पटतो, निजामाचा पटत नाही. वेरूळला जाणं म्हणजे बाबासाहेबांसाठी आपल्याच वारशाच्या दारात जाणं. आणि निजामानं काही पाहुण्यांसाठी लोकांना वेठीला धरून लेणी झाडून घेतली नव्हती. बर्मात नेमकं तेच झालंय.

मी २०१९ ला जाऊन आलो, लष्करानं सत्ता घ्यायच्या आधी. मंडालेचं सांगतो, कारण मराठी माणूस दिसला की टूरवाला मंडाले हमखास घालतो. टिळक १९०८ ते १९१४ तिथं कैदेत होते, सगळ्यांचा ऊर भरून येतो. तिथला किल्ला म्हणजे चारी बाजूंनी खंदक, आत राजवाडा, आणि उरलेल्या जागेत लष्कराची छावणी. परदेशी माणसाला ठराविक वाटेनंच सोडतात. दाराशी मोठा फलक आहे: लष्कर आणि जनता मिळून देशाचं वाईट करणाऱ्यांना चिरडतील, अशा अर्थाचा. तो खंदक १९९० च्या दशकात साफ केला, १९९६ ला सरकारनं 'व्हिजिट म्यानमार इयर' लावलं त्याच्या तयारीला. घरटी माणूस द्यावा लागायचा, बेड्या घातलेले कैदीही जुंपले होते. तेव्हा तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची बाईंनी जगाला सांगितलं होतं की आत्ता येऊ नका. २०१० नंतर त्यांच्याच पक्षानं ते सैल केलं, गटागटानं येऊन सरकारी हॉटेलं भरू नका एवढंच ठेवलं. पुढं २०१९ मध्ये याच बाई हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या खटल्यात त्याच लष्कराच्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्यामुळं "तिथल्या नेत्यांचं ऐका" हा सोपा रस्ताही आता राहिलेला नाही.

पैशाचं म्हणाल तर हिशोब होतो, पोराला सांगा. व्हिसाची फी थेट सरकारला. बागानचं प्रवेशशुल्क सरकारला. डॉलरचा सरकारी भाव त्यांनी २०२२ ला २१०० क्याटवर बांधला, बाजारात दुपटीच्या आसपास. सरकारी भावानं बदललेत की मधला फरक त्यांच्या घशात. लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या आहेत, बँकेपासून बिअरपर्यंत. जपानची किरीन कंपनी त्या बिअरमधून २०२२ ला बाहेर पडायला निघाली ती याच कारणानं. याउलट खानावळ, घोडागाडी, लाखेची भांडी हे पैसे माणसाच्या हातात पडतात. पण ग्रुप टूरमध्ये तुमच्या हातात राहतं काय? सगळं आधीच ठरवून दिलेलं असतं.

तेव्हाचा आमचा गाईड बागानचा पोरगा. २०२४ च्या फेब्रुवारीत सक्तीची भरती जाहीर झाली, १८ ते ३५ चे पुरुष. तो निसटून थायलंडला माय सॉटला गेला. तुमचा प्रश्न वाचून काल त्याला मेसेज केला. म्हणाला, आई अजून लाखेचं काम करते, गिऱ्हाईक नाही. लगेच दुसरा मेसेज आला: मंडालेच्या किल्ल्यात पाऊल ठेवू नका. दोन्ही मेसेज त्याचेच. मी त्यातला एक निवडून तुम्हाला सांगणं बरोबर नाही.

सिल्लेखाना

बाई, सलाम. आमच्याकडं हा वाद सौदीवरून होतो. खशोगी या पत्रकाराला २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारलं, येमेनमध्ये बॉम्ब पडत होते. २०१९ ला लिबियाच्या एका मोठ्या मुफ्तींनी सांगितलं की दुसऱ्यांदा हजला जाऊ नका, तो पैसा मुसलमानांनाच मारायला जातो. लय टीका झाली त्यांच्यावर. पण त्यांनी पहिल्या हजला हात लावला नाही, हे लक्षात घ्या. तो फर्ज आहे.

तुमच्यात मला कळतं तेवढं, बुद्धांनी चारच जागा बघायला सांगितल्या. त्या चारही तुमच्या झाल्यात, वर लिहिलंयच तुम्ही. मग म्यानमार हा शौक झाला, फर्ज नाही. शौकाला थांबवता येतं. मला स्वतःला यांगूनला बहादूरशाह जफरची मजार बघायची फार इच्छा आहे. १८६२ ला तिथंच कैदेत वारले बिचारे. थांबलोय. रोहिंग्यांचं तुम्ही आपणहून लिहिलंत, बरं वाटलं.

अडत_लातूर

ते भूकंपाचं कुणी बोललं नाही. २८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ ७.७ चा झाला, हजारोंनी माणसं गेली. किल्लारीच्या वेळी आम्हाला मदत आली तेव्हा मुंबईत-दिल्लीत सरकार कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं. माणूस गेला पाहिजे तिथं.

गोदाकाठ

अडतवाले, मदतीला जाणं आणि फिरायला जाणं यात फरक आहे. भूकंपानंतरही त्यांची विमानं बॉम्ब टाकतच होती. बाकी तुमच्या भाच्याचा किस्सा झकास.

संघमित्रा_नांदेड

सगळ्यांचे आभार. सिल्लेखानाभाऊ, त्या चार जागांचं आमच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवलं, दोघी लगेच श्रीलंकेला, अनुराधापूरला वळल्या. टूरवाल्याला फोन करून विचारलं की हॉटेल कुणाचं, पैसे कुठल्या भावानं भरता, मंडालेचा किल्ला वगळता का. "मॅडम, एवढं कुणी विचारत नाही," म्हणाला. किल्ला वगळता येतो, पैसे परत मिळणार नाहीत. हॉटेलचं दोन दिवसांत सांगतो म्हणाला होता, अजून फोन नाही.

मी जात नाही. गाईडभाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून मन हललं होतं. पण त्यांचा माल घेता-न घेता येत होता, माझ्या पॅकेजमध्ये तेवढी मोकळीक नाही. सरूआत्या जाणार. तिला मी अडवणार नाही, तिचं बाबासाहेबांशी जे आहे त्याच्या मधे मी कोण येणार? तिला बजावलंय, किल्ल्याच्या दिवशी बसमध्ये बसून राहा, आणि लाखेचं काही घ्यायचं तर त्या पोराच्या आईकडूनच घे. गोदाकाठ, त्यांचा पत्ता इथं टाकू नका, मला मेसेज करा. आणि डॉलर तिकडं घडी पडलेले घेत नाहीत म्हणे, ते खरं का? आत्याचं पाकीट तर कमरेला असतं.