२४ व्होल्ट सप्लायमधला पीक व्होल्टेज पकडायला सर्किट सुचवा (सोलापूर)

रॅपियर_मेस्त्री
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, आठ रॅपियर माग. चार नंबरच्या मागाची दोन महिन्यांत तीन कंट्रोल कार्डं गेली. दर वेळी ब्रेकच्या आउटपुटचा मॉस्फेटच (ब्रेकची कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) उडतो. मीटर लावलं की २४.१, हलायचं नाव नाही. मालक म्हणतात लाईटच खराब आहे, स्टॅबिलायझर घेऊ. त्याआधी मला मोजून बघायचंय. ऑसिलोस्कोपचं बजेट नाही. घरी सोल्डर करता येईल असं, पीक धरून ठेवणारं सर्किट सांगा.

जुना_सोल्डर
मीटर सेकंदाला दोन-तीनदाच बघतो, त्याला मिलिसेकंदाचा झटका कुठून दिसणार. पण ब्रेक म्हटलं की आधी कॉइलवरचा उलटा डायोड तपासा, कॉइल बंद होताना मारते तो झटका तोच जिरवतो. जागेवर तपासू नका, कॉइलचाच रेझिस्टन्स दिसेल.

रॅपियर_मेस्त्री
एक पाय सोडवून बघितला अण्णा, डायोड चांगलाय.

जुना_सोल्डर
मग मोजाच. नुसता डायोड आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ०.६ व्होल्ट खातो, ते इथं चालून जाईल. अडचण दुसरीच. मीटरच्या १० मेगाओममधून तो कपॅसिटर सेकंदाभरात निम्म्याहून खाली उतरतो, तुम्ही आकडा वाचेपर्यंत खेळ खलास. म्हणून टीएल०७२ घ्या, आत दोन ऑपअँप (अॅम्प्लिफायर) असतात. पहिला १एन४१४८ डायोडमधून कपॅसिटर भरतो, दुसरा बफर, म्हणजे कपॅसिटर न उतरवता आकडा मीटरला देतो. पहिल्याचा फीडबॅक बफरच्या आउटपुटवरून आणला की डायोडचा ड्रॉपही भरून निघतो. कपॅसिटर फिल्मचा, इलेक्ट्रोलायटिक नको, तो गळतो. रिसेटला पुशबटण आणि १०० ओम. इनपुटच्या आधी ९० के आणि १० के (किलोओम) चा डिव्हायडर, म्हणजे आकडा गुणिले दहा. सप्लाय दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, प्लस-मायनस.

डिप्लोमा_थर्ड_इयर
एवढं कशाला? आर्डुइनो लावा की, कमाल आकडा कोडमध्येच ठेवायचा.

जुना_सोल्डर
त्याच्या एका रीडिंगला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात. झटका मधल्या फटीत गेला तर तुझ्या कोडला पत्ताच नाही. या सर्किटच्या मागं लाव, मग चालेल.

पूर्वभाग_वायंडिंग
माझ्याकडं एलएम३५८ ची पट्टी पडून आहे, तो चालंल का?

जुना_सोल्डर
हळू आहे ओ. मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, टीएल०७२ तेरा. शिवाय त्याचा इनपुट करंट नॅनोअँपियरमध्ये, धरलेला आकडा सरकत राहणार. आपल्या उन्हाळ्यात तर डायोडची गळतीही वाढते, झटका पकडला की लगेच वाचायचं, मग रिसेट.

पूर्वभाग_वायंडिंग
मग मेस्त्री, तुम्हाला आकडा पाहिजे का नुसतं हो-नाही? आम्ही ३३ व्होल्टचा झेनर (त्याच्या वर गेलं की वाहू देणारा डायोड) आणि १ के घेऊन लहान एससीआरच्या (एकदा चालू झाला की चालूच राहणारा स्विच) गेटला देतो, गेट ते कॅथोड आणखी १ के. एलईडीला वेगळी बॅटरी, १० मिलिअँपियर तरी जाऊ दे, नाहीतर एससीआर धरत नाही. रात्रपाळीला लावून घरी जा, सकाळी पेटलेला असला की झटका आला म्हणायचं.

आणि हे २४ च्या बाजूलाच बरं का. २३० चा पीक ३२५ असतो, तिथं बॅटरीचा ग्राउंडसुद्धा जिवंत होतो.

रॅपियर_मेस्त्री
(नऊ दिवसांनी) दोन्ही केलं, शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात बसवलं. एलईडीवाला एसएमपीएसच्या (२४ व्होल्ट देणारा सप्लाय) आउटपुटला लावला, तीन रात्री गेल्या, पेटलाच नाही. म्हणजे लाईटचा दोष नव्हता. मग पीकवालं कार्डाच्या ब्रेक टर्मिनलला लावलं. पहिला तासभर २.५, म्हणजे २५ व्होल्ट. नंतर बाणा तुटून माग थांबला आणि मीटर ६.५ वर! ६५ व्होल्ट, आणि आपला मॉस्फेट ६० चा.

डायोड चांगलाच होता. त्याचा थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) कॉइलच्या स्क्रूखाली ढिला झालेला. माग बंद असताना टेकतो, चालू असताना थरथरीनं सुटतो, मला मीटरवर कसा सापडणार? आता डायोड कॉइलच्या वायरलाच सोल्डर केलाय, वर स्लीव्ह. चार दिवस २.५ च्या वर गेलेलं नाही.

मालकांना स्टॅबिलायझरचं कोटेशन परत करायला सांगितलंय. डबा आता सात नंबरच्या मागावर बसवलाय, तिथला थिंबलही बघवत नाही.