ईश्वरचिठ्ठी खरंच ईश्वराची असते का?

जालन्याहून:
ग्रामपंचायतीत दोघांना सारखी मतं पडली की लहान लेकराच्या हातानं चिठ्ठी काढतात. आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. मी ख्रिस्ती आहे आणि तो शब्द मला अक्षरशः खरा वाटतो. चिठ्ठी माणूस टाकतो, निकाल परमेश्वराचा, असं बायबलातलं नीतिसूत्रे 16:33 सांगतं. त्याच बायबलात इस्राएलाचा राजा अहाब वेष पालटून लढाईत उतरला, तरी कुणीतरी सहज सोडलेला बाण नेमका चिलखताच्या सांध्यात बसला. सोडणाऱ्याला पत्ताही नव्हता.

औशाहून:
दादा, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 वाजता किल्लारीच्या भूकंपात कुणाची चिठ्ठी निघाली? गणपती बोळवून माणसं झोपली होती. माळवदाखाली हजारो गेली. आमच्या आईसमोर एकानं 'देवाची इच्छा' म्हटलं, ती उठून आत गेली. उपदेशक 9:11 मध्ये काळ आणि प्रसंग सगळ्यांनाच गाठतात असंही लिहिलंय. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते जास्त पापी होते का, तर येशू नाही म्हणाला. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती माणसाच्या होत्या. त्या देवाच्या नावावर घालू नका.

जालन्याहून:
आईंसमोर मीही गप्पच बसलो असतो. भिंतींचा दोष माणसाचाच. पण येशूनं तिथं पापाचा हिशोब नाकारला, देवाचा हात नाकारला नाही. पित्यावाचून चिमणीसुद्धा पडत नाही, हे त्याचंच बोलणं. योसेफाला भावांनी विकलं ते वाईटच होतं, आणि त्याच विकण्यातून देवानं दुष्काळात माणसं जगवली.

बीडहून:
जालन्यात नारायण शेषाद्रींचं स्कॉटिश मिशन होतं, म्हणून तुमच्याकडे सगळं देवानं आधीच ठरवलंय म्हणणाऱ्या कॅल्व्हिनचा सूर लागतो. आम्ही मेथडिस्ट. कॅल्व्हिनच्या बाजूच्या डॉर्टच्या धर्मसभेनं (1618-19) माणसालाही निवड असते म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना नाकारलं, पण आमच्या पंथाचा संस्थापक वेस्ली त्यांच्याच वाटेनं गेला. देवाला आधी ठाऊक असणं वेगळं, त्यानं करवून घेणं वेगळं. 1 शमुवेल 23 बघा. कईला गावाचे लोक मला माझ्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या हाती देतील का, असं दाविदानं विचारलं. देव म्हणाला, देतील. दावीद तिथून निघून गेला आणि ते घडलंच नाही! सगळं आधीच ठरलेलं असतं तर त्या उत्तराला काय अर्थ उरला?

जालन्याहून:
कईला मला जड जातंय, खरं सांगतो. एवढंच म्हणेन, दावीद निघाला तो देवाला विचारल्यावर. ते विचारणंही त्याच्याच योजनेतलं नव्हतं कशावरून?

औशाहून:
मग त्या पहाटे आमच्या गल्लीत कुणी विचारायचं होतं, दादा?