सल्ला हवा: ‘ढवळाढवळ करायची नाही’ या विज्ञानकथांतल्या नियमाने वसाहतवाद खरंच थांबतो का?

मांडवीकर:
रत्नागिरीत आमचं छोटं वाचनमंडळ आहे, बहुतेक अकरावी-बारावीची मुलं. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेतला प्राइम डिरेक्टिव्ह त्यांना फार भावलाय. ज्यांच्याकडे प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी यानं नाहीत, त्यांच्या वाटेला जायचं नाही, असा तो नियम. मुलं म्हणतात, कंपनी सरकारला असा नियम असता तर आपण गुलामच झालो नसतो. मला हे पटत नाही, पण त्यांच्यापुढे ठेवायला नेमकं काहीतरी हवं. कुठले भाग, कुठल्या कादंबऱ्या घेऊ? नियमाच्या बाजूनेही काही सुचवा, एकतर्फी चर्चा नको.

वेंगुर्लेकर_७२:
बरो धागो काढलंस गे. ‘स्टार ट्रेक’च्या ‘हू वॉचेस द वॉचर्स’ या भागापासून (१९८९) सुरुवात कर. परग्रहावरच्या मिंटाकन लोकांवर नजर ठेवायला संशोधक कड्यात लपून बसलेत, पुढे खडकाचं खोटं चित्र. यंत्र बिघडतं, चित्र पुसलं जातं आणि लिको नावाच्या एका गावकऱ्याला आतली माणसं दिसतात. तो जखमी होतो, त्याला यानावर नेऊन बरं करतात आणि मग तो यानाच्या कप्तानाला, पिकार्डला, देव मानायला लागतो. पुढचा सगळा भाग ते निस्तरण्यात जातो.

मुलांना इथे थांबवून विचार: लपून बघायची परवानगी कुणी दिली होती? पकडले गेल्यावर नियम मोडला म्हणतात, चोरून टिपणं काढत होते तोवर सगळं नियमात. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपल्या जिल्ह्याचं आणि सावंतवाडीचं १८८० चं इंग्रजी गॅझेटियर वाचनालयात मिळालं तर सोबत ठेव. जाती, पिकं, बंदरं, देवळं, सगळ्याची नोंद. खूप उपयोगी पुस्तक आहे, मीही वापरतो. पण ज्यांची नोंद झाली त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मोतीतलाव:
ताई, मुलांच्या मुद्द्याला थेट उत्तर इतिहासातच आहे. नियम होता! १८५८ चा राणीचा जाहीरनामा काढा. रयतेच्या धर्मात हात घालणार नाही, संस्थानिकांशी झालेले करार पाळू, आणखी मुलूख नको, हे सगळं त्यात आहे. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं राज्य चाललं.

आणि १८८५ मध्ये, तोच जाहीरनामा लागू असताना, सागवानाच्या व्यापारातल्या एका इंग्रज कंपनीला झालेल्या दंडाचं निमित्त करून ब्रह्मदेशावर स्वारी झाली. थिबा राजाला तुमच्या गावात आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याचा राजवाडा तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चर्चा तिथल्या आवारातच घ्या.

आमच्या सावंतवाडीत तर १८३८ मध्येच कारभार ढासळला म्हणून इंग्रजांनी तो हातात घेतला, राजा नावापुरता गादीवर. नियम करणारा तोच, अर्थ लावणारा तोच, मोडणाराही तोच. ज्याच्यावर नियम चालतो त्याने दाद मागायची कुठे? प्राइम डिरेक्टिव्हची गत तीच. मिंटाकनांना अपील नाही, त्यांना तो नियम आहे हेसुद्धा माहीत नाही. शिवाय कोण पुढारलेलं आणि कोण मागासलेलं, ही उतरंड त्या नियमाच्या पोटातच आहे.

केळशीची_माई:
मोतीतलाव, तुमचं बरंचसं पटलं, पण नियमाच्या बाजूने मी बोलते. अंदमानातलं उत्तर सेंटिनेल बेट घ्या. १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथली सहा माणसं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. दोन म्हातारी माणसं आजारी पडून गेली, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. आज आदिवासींच्या संरक्षणासाठीच्या १९५६ च्या नियमावलीखाली तिथे जायला बंदी आहे आणि तिच्यामुळेच ती माणसं टिकून आहेत असं मला ठाम वाटतं. १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय ज्या तुकडीत होत्या, तिने पाण्यात सोडलेले नारळ बेटावरच्या लोकांनी येऊन घेतले. पण इतर वेळी बाण रोखून ‘नको’ म्हटलंय, आणि आपण ते ऐकतो. अंदमानातल्याच जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून मात्र रस्ता गेला. तो बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगूनही वाहतूक चालू राहिली. कागद दोन्हीकडे आहे, फरक अंमलबजावणीत.

कादंबरी एकच घ्यायची तर अर्सुला ल ग्विनची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ (१९७२). जंगल तोडून लाकूड पृथ्वीला पाठवणारी वसाहत, आणि स्थानिकांना हात लावू नका असा हुकूम येतो तो बंड पेटल्यावर. वसाहतीतला कॅप्टन डेव्हिडसन तो सरळ धुडकावतो. शेवटी माणसं ग्रह सोडतात, पण तोवर स्थानिक लढलेले असतात, माणूस मारायला शिकलेले असतात. त्याची किंमत स्थानिकांचा म्होरक्या सेल्व्हर याच्या तोंडून ऐकताना पोटात कालवतं.

मांडवीकर:
माई, मोतीतलाव, वेंगुर्लेकर, मनापासून आभार. थिबा पॅलेस आणि सेंटिनेल नक्की घेते. ‘स्टार ट्रेक’चाच ‘होमवर्ड’ (१९९४) हा भाग घ्यावा का? त्यात ग्रहाचं वातावरण विरत जातं आणि पिकार्ड नियमावर बोट ठेवून नुसता बघत राहतो.

वेंगुर्लेकर_७२:
घे, पण दुसऱ्या बैठकीला. तो आधी दाखवलास तर सगळी चर्चा ‘वाचवायचं की नाही’ यावर अडकेल आणि परवानगीचा मुद्दा राहूनच जाईल. पिकार्डच्या यानावरचा अधिकारी वॉर्फ, त्याचा मानलेला भाऊ निकोलाय गावकऱ्यांना वाचवतो, पण त्यांना न सांगता, खोट्या आभासात ठेवून. त्यातला एक जण सत्य कळल्यावर जीव देतो. मुलं लहान आहेत, त्या प्रसंगाआधी थोडं बोलून घे.