पुढचे शॉकअप: एकच बदलू की जोडी?

2009 ची स्विफ्ट, 1 लाख 20 हजार किमी झालेत, खड्ड्यात डावीकडून धाडधाड आवाज येतो, वाकून बघितलं तर स्ट्रटवर (स्प्रिंगसकटचं पुढचं शॉकअप) तेल ओघळून धूळ चिकटलीय. गॅरेजवाले म्हणतात एकच बदला. कंपनीचे ओरिजिनल घेऊ की गॅब्रिएल ब्रँडचे?

> दादा एकच अजिबात नको, एक कडक एक ढिला झाला की गाडी नीट बसत नाही. जोडीनेच टाका. गॅब्रिएल चालतील, फक्त बिलासकट घ्या, डुप्लिकेट फार.

> ब्रँडपेक्षा वरचं माउंट (स्ट्रट बॉडीला जोडणारा रबरी भाग) आणि त्यातलं बेअरिंग बघा, स्ट्रट उघडलाच आहे तर बंप स्टॉप (जोराचा धक्का झेलणारं रबर), रबरी बूट (धूळ अडवणारं कव्हर) पण नवीन टाका, मी जुनं माउंट ठेवलं आणि महिन्यात परत टकटक, मजुरी दोनदा गेली. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कराच.

> स्टिअरिंग फिरवताना कटकट येतेच, म्हणजे बेअरिंग पण गेलं असणार! जोडी आणि माउंट सांगितलंय, शनिवारी काम. खूप आभार.