चॅटबॉट आणि न उलगडलेले मृत्यू: तुमचे अनुभव सांगा

गूढ मृत्यूंचा छडा लावायला कोणी चॅटबॉट वापरलाय का? काय हाती लागलं, कुठे फसलात, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

1 डिसेंबर 1948 ला ॲडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर एक अनोळखी मृतदेह सापडला. कपड्यांवरची लेबलं काढलेली. चोरखिशात 'तमाम शुद', म्हणजे 'समाप्त', एवढंच छापलेला कपटा. फारसी कवी उमर खय्यामच्या रुबायांच्या ज्या प्रतीतून तो फाडला होता, तिच्या मागे अर्थ न लागणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या पाच ओळी, त्यातली एक खोडलेली. ती अक्षरं मी चॅटबॉटला दिली. त्यानं भेटीची वेळ आणि ठिकाण काढून दाखवलं. अंगावर काटा आला! दुसऱ्या रात्री नव्यानं तीच अक्षरं दिली, तर विषप्रयोगाची कबुली निघाली. दोन्ही वेळा तितकंच ठाम उत्तर. त्या रात्री मी झोपले नाही, स्वतःचाच राग येत होता.

ॲडलेडहून
ताई, मी इथेच राहतो. वेस्ट टेरेस दफनभूमीत त्याच्या दगडावर 'अनोळखी माणूस' असंच कोरलंय. 2022 मध्ये ॲडलेड विद्यापीठाचे प्रा. डेरेक ॲबट यांनी तो मेलबर्नचा कार्ल वेब असल्याचं सांगितलं. पुरावा म्हणजे मृतदेहाच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या प्लास्टरच्या मुखवट्यात अडकलेल्या केसांतला डीएनए आणि त्यावरून जुळवलेली वंशावळ. चॅटबॉटनं मला 1949 च्या बातमीची तारीख, पान, सगळं दिलं. 'ट्रोव्ह' या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात शोधलं, तशी बातमीच नाही. मग उलटं केलं. खऱ्या बातम्या मी दिल्या आणि कोणी त्याला किती वाजता पाहिलं, एवढंच क्रमानं लावून घेतलं. हे काम मात्र चोख झालं. कोणता साक्षीदार कुठे विसंगत बोलतोय ते एका नजरेत दिसलं.

नाशिकहून
द्यात्लोव खिंड, फेब्रुवारी 1959. रशियातल्या उरल पर्वतात नऊ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला, तंबू आतून फाडलेला. मी स्वतः ट्रेक करतो, म्हणून हे मनातून जात नाही. 'लष्करी चाचणी असेल ना?' विचारलं, तर हो. 'हिमस्खलन?' तरी हो. आपण ज्या बाजूला झुकू, त्या बाजूला ते झुकतं. 2021 मध्ये गोम आणि पुझरिन या संशोधकांनी उतारावरच्या बर्फाच्या लादीचं गणित मांडलं, तो निबंध समजून घ्यायला मात्र खूप मदत झाली. उतार तंबूसाठी कापला, वाऱ्यानं वर बर्फ साचत गेला आणि काही तासांनी लादी सरकली, हे चित्र पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं.

सांगलीहून
माझं प्रकरण घरचं आहे. आत्या विहिरीत सापडली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल घरात होता, तो टाइप करून दिला. वैद्यकीय शब्द नीट समजले. बुडून मृत्यू झाला का हे तपासायला हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, शोधतात, हेही तेव्हाच कळलं. अहवालात त्या चाचणीचा उल्लेख नव्हता. इथेच थांबायला हवं होतं. मी विचारलं, 'कोणावर संशय येतो?' पंचनाम्यातल्या एका वाक्यावरून त्यानं काकांकडे बोट दाखवलं. ओळखीच्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी कागद पाहिले, म्हणाले, त्या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दिवाळीला काका आले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेव्हाही तीच ओळ डोक्यात होती.