सात मीटरवरचं डायव्हिंग 'खरं' नाही का?

आळशी_मासा (धागालेखक)
परवा बोटीवर एकाने विचारलं, "किती खोल गेलात?" म्हटलं, सात मीटर. "मग स्नॉर्केलची नळीच लावायची ना, पाठीवर टाकी कशाला?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते डोक्यात राहिलंय.

साधा हिशोब बघा. १२ लिटरची टाकी, २०० बार दाब, म्हणजे २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की उरतात १८००. वर मिनिटाला २० लिटर लागत असेल, तर ३० मीटरवर दाब चौपट म्हणून ८० लागते. २२ मिनिटांत खेळ खल्लास. सात मीटरवर तीच टाकी ५० मिनिटांच्या वर जाते.

त्यातली चाळीसेक मिनिटं मी एका बिळासमोर काढली. आतून पिस्तूल कोळंबी वाळू ढकलत बाहेर आणते, तोंडाशी गोबी मासा पहाऱ्यावर. कोळंबीला दिसतं बेताचंच, म्हणून बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली. माझी सावली पडली, माशाने शेपूट थरथरवली, दोघंही गडप! परत यायला पाचेक मिनिटं. वर तरंगत हे दिसणार आहे का?

जुना_गडी
असहमत. मासे भरपूर असतात, मान्य. पण बिळासमोर बसायचंच असेल तर घरी फिशटँक घ्या, पैसेही वाचतील.
पाण्यातल्या खोल भिंतीच्या कडेवरून खाली बघताना पोटात जो खड्डा पडतो, तो सात मीटरवर पडत नाही. आणि तुमची २२ मिनिटंही जास्तच धरलीत. उतरणं, चढणं, पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना सुरक्षेसाठी थांबणं) हे सगळं त्याच हवेत बसवायचं असतं. तरी जातो आम्ही.

आळशी_मासा
जा की, अडवलंय कोणी? टॉर्च मात्र न्या. लाल रंग वरच्या काही मीटरांतच विझायला लागतो, तीसवर लाल मासाही राखाडी दिसतो. त्यात खोलवर श्वासातल्या नायट्रोजनची गुंगी चढली तर तोही छानच वाटेल म्हणा.

तरंगती_वीट
दोघंही उथळ पाणी सोपं धरून चाललाय. वरून १० मीटरपर्यंत दाब १ बारचा २ होतो, दुप्पट. २० ते ३० मध्ये ३ चा ४. म्हणजे बीसीडीतली (हवा भरायच्या जॅकेटातली) हवा सगळ्यात जास्त फुगते-आकसते ती उथळातच. माझी बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल) २५ मीटरवर शहाण्यासारखी वागते आणि पाचवर फुग्यासारखी. घाबरून श्वास रोखला आणि वर आलात, तर दीड मीटरसुद्धा फुप्फुसाला इजा करायला पुरतं. वर लाटांची ओढ वेगळीच. नवशिक्यांना "उथळच आहे, या" म्हणताना हे कोणी सांगत नाही.

मीठपाणी
मला तिसराच मुद्दा मांडायचाय. प्रवाळाच्या अंगात शैवाल असतं, त्याला ऊन लागतं, म्हणून तर उथळात एवढी गर्दी. आणि नेमकं तिथेच सगळे शिकायला उतरतात. गोल, दगडासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) एक फटका त्याला काय करतो ते बघितलंय मी. बॉयन्सी आधी तलावात जमवा, मग या.
धागालेखक, चाळीस मिनिटं बिळासमोर होतात म्हणता. गुडघे कुठे टेकले होते?

आळशी_मासा
वाळूवर. प्रवाळ जवळ नव्हतं, बघूनच टेकले.
पण विचारलंतच म्हणून सांगतो: निघताना फिन लागून वाळू उडाली आणि बिळाचं तोंड अर्धं बुजलं. वर लिहिताना ते गाळलं होतं.

जुना_गडी
म्हणजे कोळंबीला ओव्हरटाइम.